बोट कुणाची, ते आधी विचार

सही करून टाक आणि मोकळी हो. शाळेत बास फिशिंगचा, म्हणजे गळाने बास मासे पकडण्याचा संघ सुरू करा म्हणून लेकीने अर्ज फिरवायचा, शिक्षकांच्या मागे लागायचं, अर्ध्या वर्गाच्या आईबापांच्या सह्या गोळा करायच्या, आणि त्यात स्वतःच्या आईचीच सही नाही? बरं दिसत नाही गं ते. तुझा नवरा हसतोय तर हसू दे. आपल्याकडच्या बाप्यांना क्रिकेट आणि फार तर टेनिस, यापलीकडे खेळ दिसतच नाहीत.

पण सहीच्या आधी मला फोन केलास ते छान केलंस. या विषयावर जो तो माशांबद्दल बोलतो. माशाला लागतं का, मासा मरतो का, मासे पकडणं हा काय खेळ झाला का. खरा प्रश्न बोटीचा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. माझा मुलगा हायस्कूलला असताना मी हे सगळं जवळून पाहिलंय. तेव्हा चहा घे, निवांत बस आणि ऐक.

तू न्यू जर्सीहून आत्ता इकडे आलीस, म्हणून तुला हे पोरीचं खूळ वाटतंय. इलिनॉयमध्ये ते खूळ राहिलेलं नाही. बास्केटबॉल-फुटबॉलच्या राज्यस्पर्धा घेणारी जी इलिनॉय हायस्कूल असोसिएशन, तिनेच बास फिशिंगला अधिकृत खेळात घेतलं आणि २००९ मध्ये पहिली राज्यस्पर्धा भरवली. अख्ख्या अमेरिकेत हे करणारं इलिनॉय पहिलं. केंटकीची पहिली राज्यस्पर्धा २०१३ ची, न्यू हॅम्पशरही त्याच सुमाराला आलं, मग हळूहळू आणखी काही राज्यं. टेक्सससारख्या मासेमारीवेड्या राज्यात मात्र शालेय खेळांच्या संघटनेने हा खेळ आपल्याकडे घेतलेला नाही. तिथे मुलं शाळेच्या नावाने उतरतात, पण स्पर्धा बाहेरच्या संघटना घेतात. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. खेळ शाळेचा झाला की कोच शाळेचा, विमा शाळेचा, आणि नापास झालं तर पाण्यात जायचं नाही हा नियमही शाळेचा. आमच्या संघात एक मुलगा होता, त्याला तळ्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. त्याने बीजगणित केलं ते केवळ शनिवारी बोटीत बसता यावं म्हणून. त्याच्या आईने कोचला मिठी मारलेली मी पाहिली आहे.

म्हणजे तुमच्या शाळेला नवं काही शोधून काढायचं नाहीये. राज्याने दार उघडून ठेवलंय, शाळेने फक्त आत पाऊल टाकायचंय. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली तर हेच आधी सांग. शाळा मंडळाला नव्या गोष्टीची धास्ती असते, पण शेजारच्या शाळेत आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्यांना अजिबात सोसत नाही.

आता स्पर्धेचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. विभागीय फेऱ्या मे महिन्याच्या सुरुवातीला होतात. आपल्या बाजूला हाइडेकी लेक नाहीतर फॉक्स चेन ओ’ लेक्ससारख्या तळ्यांवर. तिथून पुढे गेलेले संघ कार्लाइल लेकला जातात, सेंट लुईसच्या पूर्वेला. कॅस्कास्किया नदीवर धरण बांधून केलेलं तळं, इलिनॉयमधलं सगळ्यात मोठं कृत्रिम तळं. अंधारात उठायचं, ट्रकमागे बोट जोडलेल्या गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं, उतारावरून एकेक बोट पाण्यात सोडायची. एका बोटीत दोन विद्यार्थी आणि चालवायला एक मोठा माणूस. त्या मोठ्या माणसाने गळ टाकायचा नाही. दिवसभर दुसऱ्याच्या हातून मासा निसटताना बघत बसायचं. त्यासाठी किती संयम लागतो ते बापलोकांनाच विचार.

आमिष खरं चालत नाही. गांडूळ नाही, कोळंबी नाही, सगळं नकली. रबराचे लांबट किडे, चमचमत्या पात्यांचे स्पिनरबेट, लाकडाचे नाहीतर प्लॅस्टिकचे छोटे मासे, शेवाळावरून ओढायचे पोकळ बेडूक. कुठलं कधी वापरायचं यातच सगळी अक्कल असते. पाणी गढूळ आहे की निवळ, काल पाऊस झाला का, वारा कुठल्या काठाला लागतोय, पाण्याचं तापमान किती, बुडालेली झाडं कुठे आहेत. तुझी लेक नकाशे घेऊन बसते आणि तुला काळजी वाटते, असं म्हणालीस ना? ती तळ्याचा तळ वाचतेय. चांगलं आहे ते. भूगोलात तिला कधी एवढा रस होता?

पकडलेला मासा लगेच मोजपट्टीवर ठेवायचा. त्या तळ्याच्या किमान लांबीत बसला नाही तर पुन्हा पाण्यात. बसला तर बोटीतल्या टाकीत, तिला लाइव्हवेल म्हणतात. पंपाने ताजं पाणी आणि हवा सतत चालू. बहुतेक स्पर्धांत वजनाला पाचच मासे धरतात, म्हणून सहावा मोठा मिळाला की सगळ्यात लहान सोडून द्यायचा. दुपारी ठरलेल्या वेळेला परत. एक मिनिट उशीर झाला तरी वजन कापलं जातं.

वजनाची रांग एकदा बघ तू. मुलं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि मासे घेऊन उभी असतात. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, बुटांत पाणी गेलेलं, नाकाचा शेंडा लाल. मध्येमध्ये पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या असतात, त्यांत पिशवीची जाळी बुडवायची, मासा नीट श्वास घेतोय ना बघायचं, पुढे सरकायचं. काट्याजवळचा माणूस आधी कल्ले हलतायत का ते पाहतो. मेलेल्या माशाला दंड असतो, वजनातून तेवढं वजा. मग आकडा येतो, पौंडाच्या शतांशापर्यंत. आणि त्यांचे अंगठे बघ. बास माशाला खालच्या ओठात अंगठा घालून धरतात, त्याचे दात बारीक आणि खरखरीत, त्यामुळे चांगला दिवस गेला असेल तर अंगठा किसणीवर घासल्यासारखा सोललेला असतो. पोरं तो एकमेकांना दाखवत फिरतात. मलम लावू देत नाहीत.

हा खेळ आहे का, या वादात तू पडूच नकोस. दिवसभर हलत्या बोटीच्या टोकावर उभं राहून गळ टाकायचा, वाऱ्यात, उन्हात, आणि एकदा जरी हात चुकला तर रिळावर दोऱ्याचा असा गुंता होतो की सोडवण्यात पंधरा मिनिटं जातात आणि जोडीदार तुझ्याकडे बघतसुद्धा नाही. धावावं लागत नाही, कबूल. गोल्फमध्येही लागत नाही आणि त्याला सगळे मान देतात.

तर बोट. नीट ऐक, मी फोन केला असता तो याचसाठी.

शाळांकडे बोटी नसतात. फुटबॉलला मैदान शाळेचं, जर्सी शाळेची, बस शाळेची. इथे बोट कुणाच्या तरी बाबांची, काकांची, शेजाऱ्याची. तीच माणसं बोट चालवतात, पेट्रोल घालतात, पहाटे ट्रक काढतात. हे फुकट काम आहे आणि मोठ्या मनाने केलेलं असतं, त्यांचे उपकार मी नाकारत नाही. पण होतं काय, नाव द्यायला मुलं पुष्कळ येतात, बोटी असतात मोजक्या. मग संघ कोण निवडतो? कागदावर कोच. प्रत्यक्षात बोटीच निवडतात. ज्याच्या बाबांची बोट, तो बोटीत. त्याचा जिवलग मित्र, तोही बोटीत. आणि फॉक्स नदीच्या काठावर रोज सायकलने जाऊन गळ टाकणारा, पाणी बघून मासा कुठे असेल ते सांगणारा पोरगा, ज्याची आई दोन नोकऱ्या करते, तो दोन महिने सरावाला येतो आणि मग यायचा बंद होतो. कुणी त्याला काढत नाही. त्याला फक्त जागा मिळत नाही.

बोट म्हणजे काय आकडा असतो तुला कल्पना नसेल. फायबरग्लासची नवी बास बोट, मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन, वर सगळे इलेक्ट्रॉनिक पडदे-बिडदे लावलेली, ऐंशी हजार ते लाख डॉलरच्या घरात जाते. जुनी अॅल्युमिनियमची खूप स्वस्तात मिळते आणि लहान तळ्यावर तिने काम भागतं. पण कार्लाइल उथळ आणि उघडं आहे, सव्वीस हजार एकर पाणी. वारा सुटला की लाटा उभ्या राहतात. छोट्या बोटीतली मुलं मग जवळच्या काठाला धरून राहतात, आणि मोठ्या बोटीतली पार पलीकडे जाऊन येतात. जिंकणं-हरणं कधीकधी तिथेच ठरतं, पहिला गळ पडायच्या आधी.

भरीला आता पडदे आले. २०१८ मध्ये गार्मिनने लाइव्हस्कोप आणलं, म्हणजे बोटीच्या पुढच्या पाण्यात मासा कुठे आहे, आमिषाकडे वळतोय का, हे त्या क्षणी पडद्यावर दिसतं. त्याची किंमत हजारांत. व्यावसायिक स्पर्धांतही यावरून भांडणं झाली आणि मर्यादा घालाव्या लागल्या. माझं मत विचारशील तर शाळेच्या सरावात ते बंदच असावं. मुलं दिवसभर मान खाली घालून पडदाच बघणार असतील तर घरी सोफ्यावर काय वाईट आहेत?

म्हणून तुझ्या लेकीच्या अर्जात अजून एक परिच्छेद घालायला सांग. सध्या त्यात सगळं ‘आम्हाला आवड आहे, निसर्ग, पर्यावरण’ असं गोड गोड आहे, मी वाचला. तिला लिहू दे की आधी निवड, मग बोट. निवड काठावर होऊ दे. हिवाळ्यात जिममध्ये खुणा आखून नेमका गळ टाकायचा, मार्चमध्ये तळ्याकाठी प्रत्यक्ष पकडून दाखवायचं. या दोन्हींना बोट लागत नाही. संघ ठरला की मग कुणाच्या बोटीत कोण ते कोचने ठरवायचं, आणि शक्यतो कुणी आपल्या बापाच्या बोटीत नको. हे शेवटचं ऐकून दोन-तीन बाबा रागावतील. रागावू देत. मुलं स्वतःच्या बापाबरोबर बोटीत असली की तसंही दिवसभर वादच होतात.

बोटी कमी पडल्या तर? इथे गावोगावी बास क्लब आहेत. निवृत्त माणसं, चकचकीत बोटी, मुलंबाळं दूर राहायला गेलेली. त्यांना नीट जाऊन विचारलं की ती येतात, आमच्याकडे आली. हे जाळं जुनं आहे. अलाबामातला रे स्कॉट नावाचा विमा विकणारा माणूस, त्याने १९६७ मध्ये आर्कान्सासच्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, तिथून पुढे बास अँगलर्सची देशभरची संघटना उभी केली. गावातले बरेचसे क्लब त्याच धाग्यातले. त्याच माणसाने १९७२ पासून पकडलेला मासा जिवंत ठेवून सोडून द्यायची पद्धत स्पर्धांत रुजवली. त्याआधी मासे दोरीत ओवून आणायचे आणि फोटो काढायचे.

आता तुझ्या सासूबाई. ‘शाळेत मासे मारायला शिकवतात?’ म्हणाल्या ना? त्यांना चिडून उत्तर देऊ नकोस. त्यांचा प्रश्न शाळा मंडळातल्या निम्म्या लोकांपेक्षा शहाणा आहे. मासे सोडून देतात हे सांग, त्यांना जरा बरं वाटेल. पण सगळे जगतात असं खोटं सांगू नकोस. सोडलेल्यांतले काही नंतर मरतात, विशेषतः पाणी गरम असेल, टाकीत हवा कमी पडली असेल, किंवा गळ घशात खोल गेला असेल तर. लेकीला म्हणावं, ओल्या हाताने धर, फोटोसाठी ओठाला लटकवून ठेवू नकोस, मोठा मासा असेल तर पोटाखाली दुसरा हात दे. आपल्या महाडजवळच्या वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून महसीरला लोक कुरमुरे घालतात, तो भाव सासूबाईंच्या ओळखीचा आहे. त्यांना हा खेळ पटला नाही तरी चालेल. घरात एक माणूस माशाच्या बाजूने बोलणारं असलेलं बरं.

उलट आपल्या आत्याला समजावणं मला जास्त अवघड गेलं. अलिबागची ती. एवढा मोठा मासा हातात आला आणि सोडून दिला, हे तिच्या डोक्यात शिरेच ना. ‘मग गेला होता कशाला?’ एवढंच विचारत राहिली. तिचंही चूक नाही. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, १९३२ मध्ये जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीचा. मंदीचे दिवस होते. त्याने मासा वजन करून घेतला, घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. तो विक्रम २००९ पर्यंत कुणाला गाठता आला नाही. तेव्हा मानाबू कुरिता नावाच्या जपानी माणसाने बिवा तलावात जवळजवळ तेवढ्याच वजनाचा पकडून बरोबरी केली. गंमत अशी की त्या बिवा तलावात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. तिकडे तो परका, बाहेरून आणून सोडलेला, तिथले लहान मासे फस्त करणारा. म्हणजे इथे जे केलं नाही तर दंड, तिथे ते केलं तर नियमभंग. हे लेकीला सांग. मीटिंगमध्ये कुणी पर्यावरणावरून अडवलं तर तिला कळलं पाहिजे की प्रश्न माशाचा एकट्याचा नसतो, पाणी कुठलं तेही बघावं लागतं.

आणि एक गोष्ट आहे ज्यावर मी तिच्या जागी असते तर स्वतःहून बोलले असते. मेची सुरुवात म्हणजे आपल्याकडे बासच्या विणीचा काळ. पाणी साधारण सोळा-अठरा सेल्सियसला आलं की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून जागा करतो, मादी अंडी घालून जाते, आणि पुढचे सगळे दिवस नर राखण करतो. काही खात नाही फारसं, जो जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. म्हणून तेव्हा तो सहज पकडला जातो. तो टाकीत बसून वजनाला गेला की मागे अंड्यांवर ब्लूगिल मासे तुटून पडतात. सोडला तरी तो तिथे सोडत नाहीत, वजनाच्या ठिकाणी सोडतात. एवढ्याने तळ्यातले मासे संपतात असं कुणी म्हणत नाही. पण दिसतंय घर, दिसतोय राखणदार, आणि तरी त्याच्या नाकासमोर आमिष नाचवायचं, हे मला कधी आवडलं नाही. माझ्या मुलाशी यावर माझी खूप भांडणं झाली. नियमात बसतं, तो म्हणायचा. बसतं, मी म्हणायचे, म्हणून काय झालं?

शिशाचंही तसंच. दोऱ्याला लावायची वजनं शिशाची स्वस्त मिळतात. न्यू हॅम्पशरमध्ये एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण लून पक्षी ती गिळून मरतात. आपल्याकडे अशी सक्ती नसली तरी संघाने टंगस्टनची वापरायची ठरवलं तर काय बिघडलं? थोडी महाग पडतात, पण मेहंदीच्या स्टॉलवर किंवा समोसे विकून एवढे पैसे सहज उभे राहतील, हे काम आपल्याला चांगलं जमतं. याउलट कुणी म्हणालं की मासेमारीवाले निसर्गाचं नुसतं घेतात, तर त्यांना सांग की १९५० च्या कायद्याने रॉड, रीळ, आमिषं यांवर कर बसतो आणि तो पैसा राज्यांकडे मासे आणि पाणी सांभाळायला जातो. आपण घेतलेल्या प्रत्येक रॉडमागे तो भरला जातो.

आता खास तुझ्या-माझ्यातलं. पोरगी आहे, म्हणून हे कुणी तुला सांगणार नाही, कोच तर लाजेल. बास बोटीत संडास नसतो. सात-आठ तास. मुलं काय करतात ते मी सांगायला नको. मुली मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी डोकं धरून बसतात. आमच्या संघातल्या दोघी तशाच करायच्या, शेवटी एका आईने तोंड उघडलं. म्हणून पहिल्याच सभेत सरळ विचार, स्पर्धेच्या मध्ये काठाला लागून स्वच्छतागृहात जायचा नियम काय आहे, आणि सरावाच्या दिवशी कोण थांबणार. बाकीच्या मुलींच्या आया तुझे आभार मानतील. पाळीच्या दिवसांसाठी पाणी न शिरणारी छोटी पिशवी, जास्तीची काळी पँट, ओले वाइप्स, कचऱ्याची पिशवी, हे सगळं तिच्या सामानात कायमचं ठेव. हा खेळ मुलं-मुली मिळून एकाच संघात खेळतात, ते मला फार आवडतं. पण मिळून खेळायचं तर ही व्यवस्था मुलींनी मागून घ्यायची वेळ येऊ नये.

बोट चालवणारा माणूस कोण, त्याची पार्श्वभूमी शाळेने तपासलीय का, हेही विचार. लाजायचं नाही. चांगला माणूस असेल तर तो स्वतःच म्हणतो, तपासा.

पोहणं येतंय ना तिला? स्विमिंग पूलमधलं नव्हे, कपड्यांसकट. एप्रिलमध्ये तळ्याचं पाणी बर्फासारखं असतं, पडल्या पडल्या श्वास अडकतो. मोठं इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट अंगावर आणि बंद केलेलं, यात माफी नाही. आणि चालवणाऱ्याच्या जॅकेटला लाल रंगाची एक दोरी अडकवलेली असते, तो बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद पडतं. २०२१ पासून छोट्या बोटींना ती वापरणं कायद्याने सक्तीचं आहे. काही जुने खोंड ती आरशाला लटकवून ठेवतात. तुझ्या लेकीला सांग, दोरी लावलेली दिसली नाही तर बोटीत बसायचं नाही, समोर कुणाचेही काका असोत.

तुझा नवरा शेवटी कॉलेजवर येईल, मला माहितेय. स्कॉलरशिप मिळते का? मिळते, थोडी, काही ठिकाणी. टेनेसीतलं बेथेल विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे, आपल्या इलिनॉयमध्ये मॅकेंड्रीला संघ आहे. पण कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए, तिच्या कारभारात हा खेळ येत नाही, फुटबॉलसारखे पैसे इथे नाहीत, आणि ज्यांनी त्या आशेने बोट घेतली त्यांची बोट आता गॅरेजमध्ये आहे. त्याला म्हणावं, हिशोब करूच नकोस. पोरगी पहाटे चारला न उठवता उठते, हवामान बघते, जोडीदाराशी भांडून परत जुळवून घेते, हरल्यावर बोट धुते. याची किंमत डॉलरमध्ये काढत बसलास तर ती तुला पुढच्या वेळी काही सांगणार नाही.

सामान मात्र आत्ता काही घेऊ नका. दुकानात गेलं की आपली माणसं सगळ्यात महागडा सेट उचलून आणतात. साठ-सत्तर डॉलरचा साधा रॉड-रीळ पहिल्या वर्षाला भरपूर होतो. माझ्या मुलाचे दोन तळघरात पडलेत, रबराच्या किड्यांचे डबेही आहेत, वास येतो पण चालतात. शनिवारी तिला घेऊन ब्लॅकवेलच्या सिल्व्हर लेकवर ये, काठावरूनच टाकू. डबा मी आणते, तू फक्त चहाचा थर्मास आण. ती अजून सोळाची झाली नाही ना? मग तिला लायसन्स लागत नाही. तुला लागेल. नुसतं बघत बसणार असशील तर नको, पण तू बसणार नाहीस, दहा मिनिटांत तिच्या हातातून रॉड घेशील, तेव्हा आधीच काढून ठेव.